दुपारचा बिगुल

सोमवार, १० नोव्हेंबर

काका शनिवारी गेला. बाबाजी गमरे, निवृत्त हवालदार, वय बहात्तर. पेपरात द्यायला मी दादूला एवढंच सांगितलं, तर तो म्हणतो, "अजून काय तरी दे ना. शूर होता, लढला होता, असं." दादू आमच्या वाडीच्या मंडळाचा सेक्रेटरी. त्याला कशातही अजून काय तरी लागतंच. मी म्हटलं, शूर होता की नाही ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. पलटणीत बिगुल वाजवायचा एवढं मला माहीत आहे, तेवढं घाल.

माणसं येतायत, बसतायत, चहा पितायत, उठतायत. पडवीतल्या काकाच्या खुर्चीवर कुणी बसलं की माझं डोकं फिरतं. आज मी तिच्यावर ओली गोधडी वाळत घातली. आता बसा म्हणावं.

काकीची मात्र काळजी वाटते. शालनकाकीनं शनिवारपासून धड अन्न घेतलेलं नाही. मी ताट वाढून समोर ठेवते तर म्हणते, "तू बस आधी." मला दवाखान्यातल्या जागरणांनी पित्त झालंय, मी नको म्हणते, की लगेच तीही ताटावर ताट झाकून उठते. म्हातारी माणसं दुःखात अशी हट्टाला पेटतात. रत्नागिरीला शाळेत फोन करून रजा वाढवून घेतली. मुख्याध्यापक कुरकुरले. सातवीचा भूगोल काही पळून जात नाही. इथं काकीकडे बघायला कुणी तरी हवं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुण्यानुमोदनाची सभा तेवीस तारखेला ठरली. रविवार आहे, मुंबईकरांना येता येईल. माजी सैनिकांची माणसं येणार, एक सुभेदारसाहेब येणार. दादू उत्साहात होता. दुःखातही त्याचा उत्साह जरा आवरत नाही. म्हणाला, "लास्ट पोस्ट वाजवायला पाहिजे, दर्शना. त्यांच्या संघटनेत बिगुलवाला उरला नाय आता. मोबाईलवर लावून माईक धरू."

मोबाईलवर. काकासाठी. मी म्हटलं, मी वाजवते.

दादू माझ्याकडे बघतच राहिला. काकीनं चुलीकडून मान वळवून बघितलं आणि परत फुंकणी घेतली.

आता लिहिते म्हणून खरं लिहिते, मला ते येत नाही. पण दवाखान्यात नाकात नळी असताना काकानं मला विचारलं होतं, "वाजवशील ना गो?" मी म्हटलं होतं, वाजवीन. काय वाजवायचं ते तो बोलला नाही. त्यात बोलायचं काय आहे? मिलिटरीतल्या माणसाला शेवटी काय वाजवतात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हा शब्द मी दिलाय. तेवीस तारखेला माझ्या फुंकरीतून नुसती हवा निघाली तर काकाला तोंड कसं दाखवू, असं वाटलं. मग लक्षात आलं की तोंड दाखवायला तो आहे कुठे.

मला बिगुलावर एकच गोष्ट येते, आणि ती काही सभेत वाजवण्यासारखी नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहाटे स्वप्न पडलं. भाताचं शेत होतं, पण त्यात पाणी समुद्राचं, निळं, आणि पात्यापात्याला मीठ लागलेलं. काका आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर उभा. गंजीफ्रॉक आणि खाकी हाफ चड्डी. बिगुल ओठाला लावलेला. गालही फुगलेले. मी वाट बघत राहिले. पाणी हळूहळू माझ्या गुडघ्यापर्यंत आलं, कोमट होतं, बरं वाटत होतं. आवाज येणार एवढ्यात जाग आली. बाहेर दव पडत होतं, पत्र्यावरून थेंब थेंब.

त्या गडग्यावर तो खरंच उभा राहायचा. पेन्शनीत आला तेव्हा मी पाच वर्षांची. आई आदल्याच वर्षी गेली होती, बाबा मुंबईत नोकरीला, म्हणून मी इथं काकीकडे. ह्या माणसाला मी घाबरायचे, कारण तो बोलायचाच नाही. बायका शेतात, पोरं कातळावर, म्हातारी गुरांमागे. कुणाच्या जेवणाला काळवेळ नसायचा. काका चार दिवस बघत राहिला. पाचव्या दिवशी भर दुपारी गडग्यावर चढला आणि त्यानं पलटणीतला जेवणाचा कॉल वाजवला. बायका विळे टाकून धावत आल्या, त्यांना वाटलं आग लागली. काकीनं त्याला तिथल्या तिथं झापलं. तो म्हणाला, "खाना लग गया. आता रोज वाजणार. ज्याला ऐकू येईल त्यानं घरी जाऊन जेवायचं."

आणि रोज वाजला. एकोणतीस वर्षं. पावसात पडवीतून, तापात अंथरुणावरून. त्या सुरांवर आम्ही पोरांनी शब्द बसवले होते: भात झाला, आमटी झाली, या रे या, बसा रे बसा. वाडीतल्या लहान मुलांना दुपार म्हणजे काय हे घड्याळ कळायच्या आधी कळायचं. मी दहा वर्षांची झाले तेव्हा काकानं मला तेवढा एक कॉल शिकवला. बाकीचे शिकव म्हणून मी मागे लागायचे, तर म्हणायचा, "बाकीचे घेऊन काय करशील? पोट भरतं ते ह्यानं."

दिवाळीनंतर तो आजारी पडला, तेव्हापासून वाजलेला नाही.

आज दोन बिस्किटं खाल्ली चहात बुडवून. काकीनं तेवढीही नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज राजश्रीवहिनीशी भांडले. ती शेजारीण, मनानं वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही.

काकाचा एक कावळा होता. एका पायाची बोटं मुडपलेली, म्हणून लंगडत चालायचा. काका त्याला लान्सनायक म्हणायचा. बिगुल वाजला की तो गडग्यावर हजर, मग काका जेवताना पहिला घास त्याला टाकायचा. हा लान्सनायक काका गेल्यापासून रोज दुपारी येतो आणि गडग्यावर बसून राहतो. काकीनं त्याला भात ठेवला. त्यानं मान तिरपी करून बघितलं, शिवला नाही. काल तसंच, आज तसंच. भात मुंग्यांनी नेला.

राजश्रीवहिनी कुजबुजली, "काय तरी इच्छा राहिली वाटतं काकांची."

मी म्हटलं, "वहिनी, ज्याच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, ज्यानं जन्मभर श्राद्ध नाही, पिंड नाही असं सगळ्यांना दरडावून सांगितलं, त्याला तुम्ही कावळा करून गडग्यावर बसवता? ऐकलं असतं तर त्यानं तुम्हाला उन्हात पळवलं असतं." ती म्हणाली, मग खात का नाय तो? मी म्हटलं, "सवय आहे त्याला. बिगुल ऐकून खायची सवय. बिगुल वाजला नाही तर जेवणाची वेळ झाली हे त्याला कळणार कसं? पोटात भूक असेल बिचाऱ्याच्या, पण त्याला वाटतं अजून झालं नाही, अजून बोलावलं नाही. एवढं साधं आहे. ह्यात इच्छा कसली आणि आत्मा कसला?"

काकी निवडत असलेलं तांदळाचं सूप मांडीवर घेऊन माझ्याकडे किती तरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "खरं बोललीस बाय." मला वाटतं तिला तेवढ्यानं जरा धीर आला.

रात्री तिनं पेज केली. मी दोन घोट घेतले आणि पुढे घेववेना. तिनंही वाटी खाली ठेवली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

बिगुल ट्रंकेतून काढला. चिंच आणि राख लावून घासला, काका घासायचा तसा, तोंडाकडून खाली, उलटा हात न फिरवता. मधे एक पोचा आहे, त्यात राख अडकते. काका त्यासाठी काडीला चिंधी गुंडाळायचा. घासता घासता त्यात माझं तोंड दिसायला लागलं, लांबुडकं, गाल आत गेलेलं. बिगुलात सगळेच असे दिसतात.

मोबाईलवर लास्ट पोस्ट वीस वेळा ऐकला. मग वाडीच्या वर कातळावर गेले, कुणी ऐकायला नको म्हणून. सुकलेलं गवत, वारा, खाली मालगुंडच्या बाजूला समुद्राची फिकट रेघ. पहिली फुंकर मारली तर म्हैस हंबरल्यासारखा आवाज आला, आणि खालच्या बांधावर चरणाऱ्या खऱ्या म्हशीनं मान वर करून उत्तर दिलं. मला हसायला आलं आणि ते मला आवडलं नाही. आठ दिवस झाले नाहीत काकाला आणि मी हसते.

दुपारपर्यंत पहिल्या चार सुरांपर्यंत पोचले. लांब धरायचा सूर येतो तिथं दम जातो. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून कातळावर बसले. ऊन फार होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज कातळावर सुलेमानचाचा आले. खाडीकडच्या मोहल्ल्यातले, काकाचे दोस्त. अर्धं आयुष्य जहाजावर खलाशी होते. आता गुडघे गेलेत, तरी काठी टेकत वर चढून आले, कारण त्यांना खाली आवाज ऐकू आला. मला लाज वाटली.

दगडावर बसले आणि म्हणाले, "ह्या बिगुलावर आमच्या घरात भात उतरायचा, पोरी. बिगुल झाला की तुझी चाची भात उतरवायची, मग दुपारची, जोहरची अजान. आता महिना झाला, कधी भात कच्चा, कधी करपलेला."

मग विचारलं, "हे तू वाजवतेस ते काय?"

मी म्हटलं, लास्ट पोस्ट.

"हे बाबाजी कधी वाजवीत नव्हता."

"इथं कशाला वाजवेल, चाचा? हे सैनिक गेल्यावर वाजवतात."

चाचा गवताची काडी मोडत राहिले. मग हळूहळू सांगायला लागले. काका शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होता तेव्हाचं. बँडवाल्यांना लढाईत बिगुल नसतो, स्ट्रेचर असतं, हे मला माहीतच नव्हतं. जखमी झालेल्यांना उचलून आणायचं काम. कुणी वाचायचा, कुणी वाटेतच जायचा. आणि गेला की ज्यानं उचलून आणला, त्यालाच बिगुल घेऊन उभं राहावं लागायचं. चाचा म्हणाले, "मला एकदाच बोलला, जेट्टीवर बसलो होतो तेव्हा. सुलेमान, म्हणाला, त्या पोरांना मी निरोप दिला, पण कुणाला जेव म्हणायला मिळालं नाय. सकाळपासून उपाशी असायची ती. घरी गेलो की दुसरं काय वाजवणार नाय."

चाचांनी जाताना डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "सुकलीस गो. काकी जेवण करत नाय काय?" मी म्हटलं, तीच जेवत नाही, चाचा, मी किती सांगू तिला.

चाचांच्या बोलण्याचा अर्थ मी घरी येईपर्यंत लावत होते. काकानं जे इतक्यांसाठी वाजवलं ते त्याच्यासाठी कुणीच वाजवू नये, हे काही बरोबर नाही. उलट आता तर वाजवायलाच हवं. लांब सूर अजून तुटतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

स्वप्न. काका स्ट्रेचरचं एक टोक धरून चाललाय आणि दुसरं टोक माझ्या हातात. स्ट्रेचरवर कुणी नाही, नुसती पत्रावळ, तिच्यावर वाफाळता भात. आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्यानं आम्ही चाललोय, दोन्हीकडे समुद्र आहे, असं खरं नाही पण होतं. भात सांडू नये म्हणून मी जपून पावलं टाकते. काका मागे वळून बघत नाही. त्याची मान दिसते, टाळूवरचे पांढरे केस. मी विचारलं, कुणाला न्यायचा हा? तो थांबला, बिगुल काढला, गाल फुगवले. आणि मग जाग.

उशी ओली होती. दवाची असेल, खिडकी उघडी राहिली होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

काकीची एक गंमत. आज तिनं कुळथाची पिठी, ऊन भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा केला. हे माझं लहानपणापासूनचं आवडतं, तिला स्वतःला कुळीथ सोसत नाही, पोट धरून बसते. मग का केलं असेल? बहुतेक विसरली. माणूस गेल्यावर असं होतं, हात आपोआप चालतात.

तिला बरं वाटावं म्हणून मी बसले. दोन घास घेतले. वास तोच, चव तीच, पण घास तोंडात नुसता फिरत राहिला. ती समोर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघत होती. "बरं झालंय?" म्हणाली. मी म्हटलं, छान झालंय, तू घे ना. तर म्हणाली, "मी घेते गो, माझं काय." आणि घेतलं नाहीच. रात्री मी डोळे मिटून पडले होते तेव्हा मात्र चुलीकडून ताटलीचा आवाज आला. मांजर असणार.

पांढरा पंजाबी ड्रेस सभेसाठी काढला. कमरेत नाडी दोनदा गुंडाळावी लागते. शिंप्यानं मागच्या वर्षीच ढगळ शिवला होता, पण इतका होता हे लक्षात नव्हतं. काकी सुईदोरा घेऊन बसली. कमरेला पिन लावता लावता ती माझ्या पोटाशी डोकं टेकून थांबली. मी तिला म्हटलं, रड तू, मोकळी हो. ती म्हणाली, "मी रडलंय बाय. पोटभर रडलंय."

मला नाही पटत. मी तरी तिला रडताना पाहिलेलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

विहारासमोर मांडव घातला. मुंबईची दोन गाड्या भरून माणसं आली. वाडीतल्या बायका उद्याच्या जेवणाला काळे वाटाणे भिजत घालतायत. माझ्या बोटांना चिंचेचा वास येतोय.

लास्ट पोस्ट आज पहिल्यांदा सबंध वाजला. एकदाच, कातळावर, संध्याकाळी. आवाज खाली उतरून खाडीपर्यंत गेल्यासारखा वाटला. ऐकायला कुणी नव्हतं. घरी येताना वाटेत दोनदा बसावं लागलं.

भीती वाटते. खरं लिहिते, ती चुकण्याची नाही. उद्या लास्ट पोस्ट वाजला की काका गेला असं होईल, म्हणून. आतापर्यंत काका फक्त वाजवत नाहीये.

रविवार, २३ नोव्हेंबर

सगळं नीट लिहायचंय.

मांडव भरला होता. त्रिसरण, पंचशील झालं. बौद्धाचार्य बोलले, थोडक्यात. दादू बोलला, थोडक्यात नाही. "रणांगणावर शत्रूच्या छातीत धडकी भरवणारा" असं त्यानं काकाबद्दल म्हटलं तेव्हा सुलेमानचाचांनी खाली बघून खोकल्यासारखं केलं. सुभेदारसाहेब, टोपी घातलेले, छातीवर पदकं, काकाच्या फोटोसमोर ताठ उभे राहिले. काकी पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, हात मांडीवर. बारा वाजून गेले होते. मागे चुलवणावर तपेली रटरटत होती आणि वाटाण्याच्या सांबाराचा वास मांडवात फिरत होता.

मग दोन मिनिटं स्तब्धता. मग दादूनं मला खूण केली.

मी उभी राहिले. बिगुल ओठाला लावला. धातू गार होता. समोर फोटोत काका, आणि फोटोच्या वर मांडवाच्या कापडातून ऊन झिरपत होतं, पिवळं, स्वप्नातल्या पाण्यासारखं हलत होतं. पलीकडे आमचा गडगा दिसत होता. लान्सनायक येऊन बसला होता. मला लास्ट पोस्टचा पहिला सूर आठवत होता, अगदी स्वच्छ आठवत होता. मी दम घेतला आणि ओठांना जे येत होतं ते त्यांनी वाजवलं.

भात झाला, आमटी झाली.

दुसऱ्याच सुराला मला कळलं काय होतंय ते. थांबायला हवं होतं. थांबता आलं नाही. या रे या, बसा रे बसा. शेवटचा सूर काका जरा वर चढवून सोडायचा, तोही तसाच निघाला, खणखणीत.

मुंबईची माणसं माना खाली घालून उभी, डोळे मिटून, काही तरी गंभीर झालं असं समजून. आणि मग मागच्या रांगेतल्या पार्वतीआजी, नव्वदीच्या, कानानं जवळजवळ ठार, पण हे ऐकू आलं त्यांना, त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर खोचला आणि हात धुवायला निघाल्या. त्यांच्यामागे पोरं पिंपाकडे धावली. राजश्रीवहिनीनं तपेल्यावरचं झाकण उचललं आणि मग तिलाच कळलं आपण काय केलं ते, झाकण हातात धरून ती तशीच उभी. दादू, शोकसभेचा सेक्रेटरी दादू, शर्टाच्या बाह्या वर सारून पत्रावळी मांडायला अर्ध्या वाटेपर्यंत पोचला होता. एकोणतीस वर्षांचे पाय, ते कुणाला विचारतात? अर्धी वाडी उठलेली, अर्धा मांडव उभा, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

मला धरणी दुभंगावी असं झालं. दिलेला शब्द मी सगळ्यांदेखत घालवला होता.

सुभेदारसाहेबांचा हात सलामीला गेलेला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला. टोपी काढली. "अरे," ते म्हणाले, "हा तर खान्याचा कॉल." आणि त्यांचा चेहरा असा झाला की ते हसतायत की काय ते मला कळेना. डोळ्यांतून पाणी येत होतं. सुलेमानचाचा मात्र उघड हसत होते, मान हलवत, काठी आपटत. म्हणाले, "बाबाजी, आला रे तुझा आवाज."

दादू माझ्याकडे यायला लागला. त्याला वाटलं असेल मला परत वाजवायला सांगावं. पण काकी उठली होती. ती दादूच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोलावलंय ना? मंग बसा जेवायला. अन्न गार होतंय."

पंगत बसली. भाषणं राहिली होती दोन, ती राहिलीच.

मी तिथंच उभी होते, बिगुल हातात धरून. काकीनं तो माझ्या हातातून काढून घेतला, मला खांद्याला धरून पहिल्या पत्रावळीवर बसवलं. समोर स्वतः बसली, ताट न घेता. भात वाढला. वर सांबार. भाताची वाफ तोंडावर आली आणि मला भूक लागली. कशी सांगू, पोटात खड्डा पडल्यासारखी, लहानपणी कातळावरून धावत यायचे तशी. पहिला घास घेतला आणि माझा हुंदका फुटला. रडत होते आणि खात होते. नाक गळत होतं, भात गरम होता, तोंड भाजत होतं, मी थांबत नव्हते. शाळेतल्या मुलांनी मला असं बघितलं असतं तर त्यांनी वर्षभर माझं ऐकलं नसतं.

काका गेला. हे मला तिथं पंगतीत कळलं, काळ्या वाटाण्याच्या सांबारावर.

मधेच आठवण झाली म्हणून मी म्हटलं, "काकी, तू पण घे ना गो. पंधरा दिवस उपाशी आहेस."

ती पदरानं माझं नाक पुसत म्हणाली, "मी जेवतंय रोज. तू निजलीस की जेवतंय. तुझ्यासमोर जेवले असते तर तू एकटीच उठली असतीस. दोघी उठलो की तुला निदान माझ्यासाठी परत बसावं लागायचं."

मला तेव्हा ते नीट समजलं नाही. तोंडात घास होता. मी परत भात मागितला.

गडग्यावर कुणी तरी भाताचा घास ठेवला होता. तो गेला होता. मुंग्यांनी नाही, मी बघितलं. राजश्रीवहिनी माझ्याकडे बघून काही तरी बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसली. बरं केलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रात्री स्वप्न पडलं नाही. झोप लागली, दगडासारखी.

आज दुपारच्या गाडीनं रत्नागिरीला जायचं. सातवीची सहामाही तपासायची राहिलीय. काकीला म्हटलं, तू पण चल चार दिवस. म्हणाली, गुरं कोण बघणार, आणि लान्सनायकाला काय सांगू? सकाळी तिनं घावणे केले, मी पाच खाल्ले. काकाच्या खुर्चीवरची गोधडी काढून घडी केली. कुणी बसलं तर बसू दे.

निघताना मी बिगुल ट्रंकेत ठेवायला लागले तर काकीनं नको म्हटलं. पडवीत काकाच्या खुंटीवर तो लावला, तोंड खाली करून, धूळ जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "अगो, पण रोज कोण वाजवणार?"

"रविवारी येशील ना? तेव्हा वाजव," ती म्हणाली. "तोवर आम्ही घड्याळ बघून जेवू."